खोक्यावर न छापलेली माहिती: लिनक्स लॅपटॉपसाठी एसएसडी

नवा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं की माणूस प्रोसेसर आणि रॅम यांवर आठवडाभर खल करतो आणि एसएसडीचा निर्णय पाच मिनिटांत उरकतो. एका खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबी छापलेलं असतं, शेजारच्यावर ३,५००. किमतीत फारसा फरक नसला की मोठा आकडा उचलायचा, एवढंच. माझं मत असं की या खरेदीत तो आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. लॅपटॉपमधली एसएसडी झिजून संपल्याचं क्वचितच ऐकू येतं. ती अडकते, मध्येच गायब होते किंवा एका क्षणात गप्प होते, आणि गाजलेली प्रकरणं उकरून पाहिली की मुळाशी बहुधा फर्मवेअर सापडतं, म्हणजे एसएसडीच्या कंट्रोलरवर चालणारा प्रोग्रॅम. लिनक्सवाल्यांना याची झळ जास्त लागते, कारण बहुतेक ड्राइव्हची चाचणी विंडोज डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. म्हणून निवड करायची ती फर्मवेअरचा इतिहास, ते दुरुस्त करण्याची सोय आणि आपल्या लॅपटॉपशी त्याचं जुळणं पाहून.

सुरुवात स्लॉटपासून करावी लागते, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट असतो, पण एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकाराच्या पट्टीवर जुनी साटा पद्धत असू शकते किंवा नवी एनव्हीएमई. स्लॉट एकच पद्धत घेत असेल तर दुसऱ्या पद्धतीची पट्टी बऱ्याचदा नीट बसते, स्क्रू लागतो आणि लॅपटॉपला मात्र काहीच दिसत नाही. पट्टीच्या लांबीचा प्रश्न वेगळाच. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. तशाच २२४२ आणि २२३० याही असतात. स्वस्त आणि छोट्या लॅपटॉपमध्ये या आखूड पट्ट्या सर्रास येतात. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकमुळे २२३० आकाराची किरकोळ बाजारपेठ चांगलीच वाढली. ते यंत्र स्वतः लिनक्सवर चालतं, ही त्यातली आनंदाची गोष्ट. शिवाय जाडी पाहावी लागते. दोन्ही बाजूंना चिप असलेली पट्टी पातळ लॅपटॉपमध्ये बसेलच असं नाही, त्यामुळे मोठ्या क्षमतेची घेताना ‘एका बाजूची’ अशी स्पष्ट नोंद शोधावी. लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पीडीएफ स्वरूपात देतात. दुकानदाराच्या शब्दापेक्षा त्या पुस्तिकेतलं एक पान जास्त भरवशाचं.

अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची साठवण मदरबोर्डलाच डकवलेली असते आणि काही महागड्या पातळ यंत्रांत एसएसडीसुद्धा तशीच. तिथे निवडीला वावच नाही. एसएसडी पुढे बदलता येणार नसेल तर मी तो लॅपटॉप घेऊ नये असंच सांगेन. साठवण हा यंत्रातला असा भाग आहे की तो गेला तर त्याच्याबरोबर आपलं कामही जातं. तो बदलण्याचा हक्क आपल्याकडे असायला हवा.

आता वेगाबद्दल. साटाची मर्यादा व्यवहारात सेकंदाला साधारण ५५० एमबी. पीसीआयई ३.० च्या चार मार्गिकांवर ३,५०० पर्यंत जाता येतं, ४.० वर ७,००० च्या पुढे आणि ५.० वर १४,००० च्या घरात. हे आकडे खोटे नाहीत, पण ते मोठी सलग फाइल वाचतानाचे आणि एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत उभ्या केल्यावरचे आहेत. लॅपटॉपवर आपण करतो काय? ब्राउझर उघडतो, पॅकेजं अद्ययावत करतो, कोड कंपाइल करतो, पत्रं शोधतो. यात लहान लहान तुकडे इकडून तिकडून वाचले जातात आणि रांगेत एकावेळी एखाद-दुसरीच मागणी असते. अशा वाचनात चार केबीचे तुकडे एकेक करून घेतले तर चांगल्या एनव्हीएमई ड्राइव्हचा वेगही शंभर एमबीच्या आसपास किंवा त्याखालीच राहतो, मग तो ३.० असो की ४.०. ज्याला स्वतः तपासायचं असेल त्याने फायो हे साधन वापरावं. ते लिहिणारे येन्स आक्सबो हेच लिनक्स कर्नलमधल्या ब्लॉक विभागाचे प्रमुख आहेत, त्यामुळे मोजमापाबाबत शंका उरत नाही.

हार्ड डिस्ककडून साटा एसएसडीकडे गेल्यावर जो फरक जाणवतो तो प्रचंड. साटाकडून एनव्हीएमईकडे गेल्यावर थोडा. ३.० कडून ४.० कडे गेल्यावर रोजच्या कामात तो शोधावा लागतो. ५.० चे ड्राइव्ह तर लॅपटॉपसाठी मी आज सुचवणारच नाही, कारण बहुतेक खूप तापतात आणि तापले की स्वतःच वेग आवरतात. पैसे मोजायचे ते ज्या वेगासाठी, तोच असा हातून जातो. उलट २०२० मध्ये आलेला एसके हायनिक्सचा गोल्ड पी३१ हा पीसीआयई ३.० चाच ड्राइव्ह होता, पण कमी वीज खाण्यात तो इतका सरस ठरला की लॅपटॉपसाठी वर्षानुवर्षं त्याचं नाव घेतलं गेलं. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात हाच निकष मोठा.

खोक्यावर न छापलेली खरी माहिती म्हणजे आतल्या पेशींचा प्रकार. एका पेशीत एक बिट ठेवला की एसएलसी, दोन की एमएलसी, तीन की टीएलसी आणि चार की क्यूएलसी. तीन बिटांसाठी विजेच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात आणि चारांसाठी सोळा. पातळ्या जितक्या जवळ तितकं लिहिणं सावकाश, चुका जास्त आणि आयुष्य कमी. क्यूएलसीचा संथपणा झाकायला सगळे उत्पादक काही पेशी तात्पुरत्या एक-बिटी पद्धतीने वापरतात. ही राखीव जागा आहे तोवर ड्राइव्ह धावतो. ती भरली की उघडा पडतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओच्या एक टीबी मॉडेलमध्ये ही जागा ४२ जीबी आहे आणि ती भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो, असं कंपनीच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच दिलं आहे. हा वेग साध्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी झाला. व्हर्च्युअल मशीनची मोठी फाइल हलवताना, व्हिडिओ उतरवताना किंवा बॅकअप परत आणताना हे नक्की बोचतं. म्हणून लॅपटॉपमध्ये एकच ड्राइव्ह असेल तर तो टीएलसीचाच असावा. दुसऱ्या स्लॉटमध्ये चित्रपट, छायाचित्रं किंवा खेळ ठेवायला क्यूएलसी चालतो.

ड्राइव्हवर स्वतःची डीरॅम आहे की नाही, याचा पूर्वी फार बाऊ केला जाई आणि तो साटाच्या जमान्यात रास्त होता. एनव्हीएमईमध्ये यजमान यंत्राच्या रॅमचा छोटा हिस्सा वापरण्याची सोय आली आणि लिनक्स कर्नलने ती २०१७ मध्ये, ४.१३ या आवृत्तीत उचलली. कर्नल त्यासाठी मुळात १२८ एमबीपर्यंतच जागा देतो आणि बहुतेक ड्राइव्हना तेवढी पुरते. त्यामुळे चांगल्या कंट्रोलरचा डीरॅम नसलेला टीएलसी ड्राइव्ह लॅपटॉपसाठी उत्तम. वीजही कमी लागते. साटा ड्राइव्हला ही सोय नाही, तिथे मात्र डीरॅम हवीच.

झिजण्याच्या भीतीचं काय? एक टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला कंपन्या सर्वसाधारणपणे ६०० टीबी लिहिण्याची हमी देतात. क्रुशलच्या पी३ या क्यूएलसी ड्राइव्हला त्याच क्षमतेत २२० टीबीची होती. रोज ३० जीबी लिहिणारा माणूस, आणि हे लॅपटॉपवर भरपूरच झालं, पहिल्या ड्राइव्हला संपवायला ५४ वर्षं घेईल आणि दुसऱ्याला २०. टेक रिपोर्ट या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर त्या मरेपर्यंत लिहीत राहण्याचा प्रयोग केला होता. २४० ते २५६ जीबीचे ते ड्राइव्ह. पहिला गेला तोही शेकडो टीबी लिहून झाल्यावर आणि सर्वांत चिवट ठरलेल्या सॅमसंग ८४० प्रोने दोन पेटाबाइटचा टप्पा ओलांडला. मला त्या प्रयोगातली एक बाब आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. इंटेलचा ३३५ हा ड्राइव्ह सुमारे ७०० टीबीला आपल्या ठरलेल्या मर्यादेवर पोचला, लिहिणं बंद केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर वाचूही देईना. त्याच्या पेशी धडधाकट असाव्यात. फर्मवेअरनेच त्याला कायमचं कुलूप लावलं.

२०१६ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या बिआंका श्रोडर आणि गूगलचे अभियंते यांनी गूगलच्या डेटा सेंटरमधल्या फ्लॅश ड्राइव्हचा कित्येक वर्षांचा अनुभव मांडला. किती लिहिलं यापेक्षा ड्राइव्हचं वय चुकांशी जास्त निगडित दिसलं, आणि महागडे एसएलसी ड्राइव्ह एमएलसीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरले नाहीत. हार्ड डिस्कपेक्षा फ्लॅश ड्राइव्ह कमी वेळा बदलावे लागले, पण न दुरुस्त होणाऱ्या वाचन-चुका त्यांत जास्त निघाल्या. घरच्या वापरापासून हा अभ्यास लांबचा असला तरी धडा लागू पडतो: ड्राइव्ह जिवंत आहे म्हणजे फाइल शाबूत आहे असं धरून चालू नये.

आता मूळ मुद्द्याकडे. क्रुशल एम४ हा एकेकाळचा अतिशय लोकप्रिय ड्राइव्ह. तो एकूण ५,१८४ तास चालू राहिला, म्हणजे २१६ दिवस भरले, की यंत्र अडकायचं. पुन्हा सुरू केलं की ठीक, आणि साधारण तासाभराने पुन्हा तेच. कारण फर्मवेअरमधली तासांची मोजणी. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने ०३०९ ही आवृत्ती काढून ते मिटवलं. त्याहून भयंकर प्रकार एचपीई कंपनीच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ३२,७६८ तास पूर्ण होताच हे ड्राइव्ह बंद पडतील आणि ड्राइव्ह तर जाईलच, आतली माहितीही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. सोळा बिटांच्या चिन्हांकित संख्येत ही मोजणी मावत नाही. एकाच दिवशी बसवलेले सगळे ड्राइव्ह ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी एकाच वेळी जाणार, म्हणजे एकमेकांची प्रत म्हणून ठेवलेले ड्राइव्हसुद्धा सोबतच. पेशी किती टिकाऊ आहेत याचा इथे काही संबंध राहत नाही.

सॅमसंगच्या नावावर अशी दोन प्रकरणं आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखी. ८४० ईव्हीओमध्ये महिनोन् महिने न हलवलेल्या फाइली वाचताना वेग हार्ड डिस्कच्या पातळीला उतरायचा. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती आली, ती पुरली नाही, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा नवं फर्मवेअर द्यावं लागलं. ते जुनी माहिती अधूनमधून स्वतःच नव्याने लिहून ठेवतं. पुढे ९८० प्रोच्या दोन टीबी मॉडेलचे ड्राइव्ह एका विशिष्ट फर्मवेअरवर फक्त-वाचन अवस्थेत जाऊ लागले. त्याचा गाजावाजा २०२३ च्या सुरुवातीला झाला. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ज्यांचा ड्राइव्ह आधीच त्या अवस्थेत गेला त्यांना तिचा उपयोग नव्हता. म्हणजे नावाजलेली कंपनी घेतली की चिंता मिटली असं नाही. तरीही मी नावाजलेलीच कंपनी सुचवीन, कारण तिने चूक कबूल केली, आवृत्ती क्रमांक दिला आणि दुरुस्ती उतरवून घेण्याची सोय केली. अनोळखी ब्रँडच्या ड्राइव्हमध्ये तीच चूक निघाली तर दाद मागायची कुणाकडे?

लिनक्सवाल्यांकडे यासाठी एक असा दस्तऐवज आहे जो दुसऱ्या कुणाकडे इतका उघड नाही: खुद्द कर्नलचा कोड. साटा ड्राइव्हसाठी एक आणि एनव्हीएमईसाठी एक अशा याद्या त्यात आहेत, ज्यांत कोणतं मॉडेल कुठे चुकतं आणि त्याला कसं सांभाळायचं हे लिहिलेलं असतं. ट्रिम म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा रिकामी झाल्याचं ड्राइव्हला कळवणारी आज्ञा. सॅमसंगच्या ८४० आणि ८५० मालिकेत रांगेतून पाठवलेली ट्रिम धोक्याची म्हणून ती तिथे बंद केली आहे. २०२१ मध्ये ८६० आणि ८७० यांचीही त्यात भर पडली. एनव्हीएमईच्या यादीत काही सॅमसंग ड्राइव्हबद्दल टिपण आहे की गाढ झोपेच्या अवस्थेतून ते परत येत नाहीत, पण हे फक्त डेलच्या दोन लॅपटॉप मॉडेलांवर दिसतं. किंग्स्टनच्या ए२००० ला गाढ झोपेत जाऊच देऊ नये अशी नोंद आहे. आणि कितीतरी स्वस्त ड्राइव्हपुढे एकच शेरा: हे ड्राइव्ह आपला ओळख-क्रमांक खोटा सांगतात, म्हणजे एका मॉडेलच्या सगळ्या नगांवर एकच क्रमांक. असे दोन ड्राइव्ह एका यंत्रात लावले की कर्नल दुसऱ्याला नाकारू शकतो. एसएसडी घेण्यापूर्वी मॉडेलचं आणि कंट्रोलरचं नाव या यादीत शोधून पाहावं. नाव असलं म्हणजे ड्राइव्ह टाकाऊ असं नव्हे. त्याचा दोष ओळखीचा आणि बंदोबस्त झालेला आहे, इतकंच. पण नोंद सापडली आणि तिथला वळसा आपल्याच लॅपटॉपच्या बॅटरीवर येणारा असला, तर दुसरा पर्याय पाहावा.

दोष कायम ड्राइव्हचाच असतो असंही नाही, आणि याचं २०१५ मधलं उदाहरण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. अल्गोलिया या शोध-सेवा कंपनीच्या सर्व्हरवर फाइलींचे तुकडे अचानक शून्यांनी भरलेले सापडू लागले. कुठलीही चूक नोंदली जात नव्हती. फाइल जागच्या जागी, आकार तोच आणि मधला भाग मात्र कोरा. अभियंत्यांनी आठवडेच्या आठवडे खपून माग काढला. सॅमसंगचे ड्राइव्ह आणि ट्रिम एकत्र आले की हे घडतं, असं त्यांना दिसलं आणि त्यांनी ते जाहीर केलं. मग सॅमसंगच्या अभियंत्यांनी तीच परिस्थिती उभी करून तपास केला आणि चूक लिनक्स कर्नलमध्येच सापडली. अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणाऱ्या रेड विभागात ट्रिमच्या विनंतीचे तुकडे पाडताना गफलत होत होती, त्यामुळे रिकामी नसलेली जागाही पुसली जात होती. दुरुस्ती सॅमसंगनेच पाठवली. ज्या कंपनीवर बोट रोखलं गेलं तिनेच कर्नल सुधारावा, हे खुल्या व्यवस्थेतच घडू शकतं. म्हणून कुठल्याही मॉडेलबद्दल ‘लिनक्सवर चालत नाही’ असं कानावर आलं तर ते कोणत्या वर्षीचं, कोणत्या कर्नलवरचं आणि कोणत्या फर्मवेअरवरचं, हे आधी विचारावं.

वीजबचतीचा उल्लेख वर आलाच आहे. एनव्हीएमई ड्राइव्ह काम नसताना आपोआप हलक्या किंवा गाढ झोपेत जातात. लिनक्सने ही सोय २०१७ मध्ये ४.११ या आवृत्तीपासून वापरायला घेतली आणि लॅपटॉपच्या बॅटरीला त्याने मोठा हातभार लागला. मात्र झोप आणि जाग यांच्या सीमेवरच बिघाड लपलेले असतात. झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो, माउस हलतो, पण कोणतीही फाइल उघडत नाही आणि थोड्या वेळाने फाइल सिस्टिम फक्त-वाचन होते. ही अशा बिघाडाची ठरलेली लक्षणं. तेव्हा बूट करताना ‘एनव्हीएमई कोअर डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी’ हा कर्नलचा घटक शून्य करून पाहावा. त्याने त्रास थांबला तर दोष झोपेचाच. पण तो घटक कायम शून्य ठेवणं म्हणजे बॅटरीवर पाणी सोडणं. नवं फर्मवेअर मिळतं का ते पाहावं, आणि ड्राइव्ह परत देण्याची मुदत शिल्लक असेल तर सरळ परत द्यावा.

बाजारातल्या एका वाईट पद्धतीबद्दल थोडक्यात. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला माल बदलणं हे वारंवार झालं आहे. २०१४ मध्ये किंग्स्टनच्या व्ही३०० बद्दल तक्रारी झाल्या. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ मध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी आलं आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मध्ये बदललेल्या चिपमुळे राखीव जागा भरल्यावरचा वेग बराच खाली आला. म्हणून जुन्या परीक्षणावर पूर्ण विसंबू नये. चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि तिची सॉलिडाइम, मायक्रॉन, पूर्वीची तोशिबा मेमरी असलेली किऑक्सिया, वेस्टर्न डिजिटलपासून २०२५ मध्ये वेगळी झालेली सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. स्वतःच्या चिपवर स्वतःचं नाव लावणाऱ्याकडे असा बदल कमी वेळा होतो, पण होतच नाही असं म्हणता येणार नाही.

ड्राइव्ह बसवल्यावर लिनक्सचं इन्स्टॉलर ‘डिस्कच सापडत नाही’ म्हणालं तर घाबरू नये. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमधली साठवणीची पद्धत इंटेलच्या आरएसटी किंवा रेडवर ठेवलेली असते; ती एएचसीआयवर आणली की ड्राइव्ह दिसतो. २०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० च्या एका मॉडेलमध्ये हा पर्यायच ठेवला नव्हता. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीला लिनक्ससाठी वेगळा बायोस काढावा लागला. विंडोजही सोबत ठेवायचं असेल तर हा बदल करण्याआधी विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करावी आणि बिटलॉकरची किल्ली लिहून घ्यावी, नाहीतर ते उघडणार नाही.

एन्क्रिप्शनबाबत मी ठाम आहे: पहिल्याच दिवशी करावं आणि लुक्स या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीनेच करावं. ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ असं खोक्यावर छापलेलं असतं. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मेयर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की क्रुशल आणि सॅमसंगच्या काही लोकप्रिय ड्राइव्हमध्ये ते पासवर्डशिवायही ओलांडता येत होतं. लुक्सचा कोड सर्वांना वाचायला खुला आहे आणि आजच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीच्या खास सूचना असल्याने वेगात फारसा फरक पडत नाही. दुसरं कारण अधिक व्यवहाराचं. वॉरंटीत ड्राइव्ह परत करायची वेळ येते तेव्हा तो बहुधा मेलेला असतो आणि मेलेला ड्राइव्ह पुसता येत नाही. तो तसाच सेवा केंद्रात द्यावा लागतो आणि बदली म्हणून दुसराच हातात पडतो. आधारकार्डाच्या प्रती, बँकेची कागदपत्रं, घरातले फोटो असं सगळं घेऊन तो कुठे जातो हे आपल्याला कळत नाही. लुक्स असेल तर ड्राइव्ह निर्धास्तपणे देता येतो. नसेल तर कित्येक जण पाच वर्षांची वॉरंटी सोडून देतात. एन्क्रिप्शन केल्यावर क्रिप्टटॅब फाइलमध्ये ‘डिस्कार्ड’ हा शब्द आहे का ते पाहावं. तो नसेल तर ट्रिम आज्ञा ड्राइव्हपर्यंत पोचत नाही. तो टाकल्यावर डिस्कवर किती जागा रिकामी आहे एवढं बाहेरच्याला कळू शकतं. सामान्य माणसाला ते चालण्यासारखं आहे.

ट्रिमसाठी आठवड्यातून एकदा चालणारा एफएसट्रिम टायमर पुरतो. उबुंटूमध्ये तो असतोच, फेडोरामध्ये ३२ व्या आवृत्तीपासून मुळातच सुरू आहे, आर्चमध्ये आपण सुरू करावा लागतो. बाकी ‘एसएसडी वाचवण्यासाठी’ म्हणून सांगितले जाणारे उपाय, स्वॅप काढून टाका, ब्राउझरचा साठा रॅममध्ये हलवा, लॉग बंद करा, हे सगळं सोडून द्यावं. ५४ वर्षांचा हिशेब वर दिला आहेच. फाइल सिस्टिममध्ये ज्याला झंझट नको त्याने ईएक्सटी४ घ्यावी. फाइल नकळत बिघडली तर ते कळावं असं ज्याला वाटतं त्याने बीटीआरएफएस घ्यावी, कारण ती प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या ठेवते; फर्मवेअरच्या चुकांबद्दल इतकं वाचल्यावर माझा कल तिच्याकडे आहे.

उन्हाळ्याबद्दल विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी दोन शब्द. ग्राहक-वर्गातल्या एसएसडीसाठी जेडेक संस्थेचा निकष असा आहे की ड्राइव्हची लिहिण्याची पूर्ण मर्यादा संपल्यावरही तो बंद ठेवला असता ३० अंश तापमानात माहिती एक वर्ष टिकली पाहिजे. तापमान वाढलं की ही मुदत भराभर घटते. २०१५ मध्ये यावरून ‘एसएसडी बंद ठेवली की आठवड्यात माहिती उडते’ अशी आवई उठली होती. ती झिजून संपलेल्या ड्राइव्हच्या कोष्टकाचा चुकीचा अर्थ लावून उठली होती. नव्या ड्राइव्हला हा धोका कितीतरी कमी. तरी नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीच्या लोखंडी कपाटात जुना लॅपटॉप वर्षानुवर्षं ठेवून त्याला बॅकअप समजणं धोक्याचं आहे. दीर्घ साठवणीसाठी हार्ड डिस्कच बरी, आणि तीही अधूनमधून लावून तपासलेली.

ड्राइव्ह हातात आला की त्याच दिवशी त्याच्या प्रकृतीची नोंद दाखवणारं स्मार्टसीटीएल हे साधन चालवून पाहावं, कारण परत देण्याची मुदत तेव्हापासून सुरू झालेली असते. ‘पर्सेंटेज यूज्ड’ शून्य असावं, ‘अव्हेलेबल स्पेअर’ १००, ‘पॉवर ऑन अवर्स’ एक आकडी. ‘डेटा युनिट्स रिटन’ या ओळीतला एक घटक म्हणजे ५,१२,००० बाइट. नव्या म्हणून विकलेल्या ड्राइव्हवर तिथे काही टीबी दिसले तर तो वापरलेला आहे, सरळ परत करावा. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्याशिवाय काहीही असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. मग एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर उत्तरात ड्राइव्हची क्षमता आणि प्रत्यक्ष जुळणी या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. चार मार्गिकांचा ड्राइव्ह दोनच मार्गिकांवर चाललेला दिसला तर स्लॉटच तसा आहे की पट्टी नीट बसलेली नाही, हे तपासावं. ऑनलाइन सवलतीत घेतलेल्या ड्राइव्हवर एफ३ हे साधन पूर्ण क्षमतेवर चालवावं. खोटी क्षमता सांगणारा माल त्यात हमखास पकडला जातो.

शेवटी फर्मवेअर बदलायचं कसं? रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेल्या एलव्हीएफएस सेवेतून काही ड्राइव्हची दुरुस्ती लिनक्सवरच एका आज्ञेत मिळते. सॅमसंग आणि क्रुशल बूट करता येणारी आयएसओ फाइल देत आले आहेत. काही कंपन्यांचं साधन मात्र फक्त विंडोजवर चालतं, आणि ज्याच्याकडे विंडोज नाही त्याला कुणाचा तरी संगणक मागावा लागतो. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. सर्वसाधारण लिनक्स लॅपटॉपसाठी माझी निवड अशी: एक टीबी, टीएलसी, एका बाजूची पट्टी, पीसीआयई ४.० आणि बॅटरी महत्त्वाची असेल तर ३.० सुद्धा, पाच वर्षांची वॉरंटी, भारतात सेवा आणि विंडोजशिवाय बदलता येणारं फर्मवेअर. यातून जे पैसे वाचतील त्यात बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी.

आणि एक विनंती. तुमचा ड्राइव्ह लिनक्सवर अडखळला तर तो गुपचूप बदलून मोकळे होऊ नका. मॉडेलचं नाव, फर्मवेअरची आवृत्ती, लॅपटॉपचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि डीमेसेज या कर्नलच्या नोंदीतल्या चूक दाखवणाऱ्या ओळी आपल्या डिस्ट्रिब्युशनच्या बग-नोंदणीत लिहा. कर्नलमधल्या त्या याद्या अशाच नोंदींमधून तयार झाल्या आहेत.